उजवा डोळा झाकल्यावर

लहान मुलांसाठी डोळ्यांचा वेगळा डॉक्टर असतो हे आपल्याकडे शिकल्यासवरलेल्या घरांतही बऱ्याच जणांना माहीत नसतं. लसींसाठी पेडियाट्रिशियन, दात किडले की डेंटिस्ट, एवढं डोक्यात पक्कं असतं, पण डोळ्यांचं नाव काढलं की "अगं त्याला अजून वाचता कुठे येतंय, अक्षरओळख होऊ दे मग बघू" असं उत्तर येतं. हे मी दादरला ऐकलंय, भांडुपला ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय. भाच्यामुळे परळच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या डोळ्यांच्या ओपीडीबाहेर बाकावर माझे बरेच शनिवार गेलेत, आणि आता ते वाक्य कोणी बोललं की मला गप्प बसवत नाही. कारण मूल वाचायला लागेपर्यंत थांबायचं म्हणजे नेमका उपचाराचा सगळ्यात चांगला काळ घालवायचा.

चिनू माझ्या दादाचा मुलगा. सिनिअर केजीत असताना शाळेत डोळे तपासायचा कॅम्प झाला. तपासणाऱ्या ताईंनी त्याचा डावा डोळा झाकला, त्याने समोरच्या तक्त्यावरची घर, सफरचंद, गोल अशी सगळी चित्रं भराभर सांगितली. मग उजवा झाकला, तर त्याने त्यांचा हात ढकलला, मान वाकडी करून बोटांच्या फटीतून बघायला लागला आणि शेवटी रडायलाच लागला. त्यांनी दुसऱ्या दिवशी वहिनीला शाळेत बोलावून घेतलं. घरात कोणाला पटेना. हा मुलगा गच्चीवर क्रिकेट खेळतो, कॅच घेतो, दादर स्टेशनला इंडिकेटरवर लोकल एस (स्लो) आहे की एफ (फास्ट) ते आमच्या आधी बघतो, त्याला कमी दिसतं कसं म्हणायचं? आईचं, म्हणजे त्याच्या आजीचं, तर ठाम मत होतं की पोराने त्या दिवशी हट्ट केला असणार. पण एक डोळा झाकला की शांत आणि दुसरा झाकला की कासावीस, यातच सगळं आलं. एवढ्याशा मुलाला "मला या डोळ्याने धूसर दिसतंय" हे सांगता येत नाही, त्याला धूसर म्हणजे काय तेच माहीत नसतं, जन्मापासून तो डोळा तसाच आहे आणि दुसरा डोळा सगळं काम करतोय. मूल तक्रार करत नाही हे या सगळ्या विषयाचं मूळ आहे असं मला वाटतं. मोठ्या माणसाला कमी दिसायला लागलं की तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जातो. मुलाच्या बाबतीत मात्र कोणीतरी शोधायलाच जावं लागतं.

चिनूच्या उजव्या डोळ्याला जेमतेम प्लस एक नंबर आणि डाव्याला प्लस साडेपाच निघाला. प्लस नंबर लहान मुलांत थोडा असतोच, आणि त्यांच्या डोळ्यातलं भिंग एवढं लवचिक असतं की ते जोर लावून तो नंबर भरून काढतं. गोची अशी की दोन्ही डोळ्यांची भिंगं साधारण सारखाच जोर लावतात. कमी नंबरवाल्या डोळ्याला स्पष्ट दिसलं की मेंदूचं काम झालं, तो तिथेच थांबतो, जास्त नंबरवाला डोळा कायम धूसर राहतो, आणि मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडून येणारं चित्र बाजूलाच टाकायला लागतो. याला लेझी आय म्हणतात, आळशी डोळा. मोठा शब्द अँब्लिओपिया. डोळा आत-बाहेर तपासला तर निरोगी असतो, पडदा चांगला, नस चांगली, पण नुसता चष्मा चढवून लगेच ६/६, म्हणजे पूर्ण स्पष्ट, दिसत नाही कारण बघायला शिकायचं मेंदूचं काम अर्धवट राहिलेलं असतं. चिनूला त्या डोळ्याने चष्मा लावूनही ६/२४ दिसत होतं, म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे चोवीस मीटरवरून दिसतं ते बघायला त्याला सहा मीटरवर यावं लागत होतं.

डॉक्टर मॅडमनी आम्हाला मांजरांच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली, नंतर उघडली, तर डोळा व्यवस्थित होता पण मेंदूच्या बघण्याच्या भागात त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या, त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. आणि हेच मोठ्या मांजरावर केलं तर काही फरक पडला नाही. म्हणजे बालपणात मेंदूचं दार उघडं असतं आणि पुढे ते लोटलं जातं. १९८१ चं नोबेल या कामासाठी मिळालं. मला त्या पिल्लांचं वाईट वाटलं, अजून वाटतं, पण आज जगभरात बाळाचा मोतीबिंदू वर्षभर न थांबता पहिल्या दोन महिन्यांत काढतात ते याच कामामुळे. गंमत म्हणजे चांगला डोळा झाकून दुबळ्याला कामाला लावायचा उपाय त्याच्याही कितीतरी आधीचा आहे, फ्रान्सच्या ब्यूफाँ नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने तिरळेपणासाठी तो १७४३ साली लिहून ठेवलाय. कारण कळायच्या दोनशे वर्षं आधी उपाय हाताशी होता.

आता या डॉक्टरांबद्दल. एमबीबीएस, मग डोळ्यांचं एमएस किंवा डीएनबी, आणि त्यानंतर पुन्हा मुलांचे डोळे आणि तिरळेपणा या विषयाची फेलोशिप, असं ते शिक्षण असतं. शाखा म्हणून हे फार जुनं नाही, अमेरिकेत फ्रँक कॉस्टनबाडर नावाच्या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात फक्त मुलांचेच डोळे बघायचं ठरवलं, तेव्हा तसं करणारं तिकडे दुसरं कोणी नव्हतं म्हणतात. मला पण आधी वाटायचं की डोळा तो डोळा, लहान काय नि मोठा काय. मग त्या खोलीत बसून बघितलं. आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर, त्याला काय दिसतंय हे त्याला विचारून कळणार नाही. मॅडम एका हातात रेटिनोस्कोप धरतात, त्यातून उजेडाची एक पट्टी बाळाच्या डोळ्यात जाते आणि पडद्यावरून परत येते, ती चमक कुठल्या दिशेला सरकते ते बघत दुसऱ्या हाताने एकेक काच डोळ्यासमोर धरायची, चमक सरकायची थांबली की नंबर मिळाला. बाळ एक शब्द बोललेलं नसतं! आणि हे सगळं ते खेळण्याकडे बघत असेल तेवढ्या क्षणांत करायचं, तोंडाने गाणं चालू, मध्येच कुत्र्याचा आवाज, आणि नजर मात्र त्या उजेडावरून हलत नाही. अगदी तान्ह्या बाळाला एका बाजूला पट्ट्या आणि एका बाजूला कोरा राखाडी रंग असलेलं कार्ड दाखवतात, पट्ट्या दिसत असतील तर बाळ आपोआप तिकडे बघतं, पट्ट्या बारीक करत जायच्या. थोड्या मोठ्या मुलांना चित्रांचा तक्ता, फिनलंडच्या डॉक्टर लेआ ह्युव्हॅरिनेन यांनी बनवलेली ती चित्रं आता सगळीकडे वापरतात, चिनूच्या शाळेतला तक्ता पण तोच होता.

एक सांगून ठेवते, चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर लहान मुलाचा नंबर काढून घेऊ नका. मूल जवळ बघायला जोर लावतं आणि नंबर चुकीचा येतो, त्यासाठी ड्रॉप टाकून किंवा घरी तीन दिवस अ‍ॅट्रोपिनचं मलम लावून तो जोर सैल करून मगच खरा नंबर कळतो. ड्रॉप झोंबतात, मुलं रडतात, दोन-तीन दिवस (मलमाने तर आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त) बाहुल्या मोठ्या राहतात आणि उन्हात डोळे दिपतात, चिनूचे तर गालही लाल झाले होते. त्याला काय घालायचं, किती घालायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. पण ते टाळून चालत नाही.

चिनूला आधी नुसता चष्मा दिला. मला आवडलं ते हे की पहिल्याच दिवशी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली नाही, कारण काही मुलांची नजर फक्त चष्म्याने पूर्ण सुधारते, अमेरिकेतल्या मुलांच्या डोळ्यांवर काम करणाऱ्या पीईडीआयजी या संशोधक गटाच्या एका अभ्यासात साधारण चार मुलांमागे एकाचा आळशी डोळा नुसत्या चष्म्याने बरा झाला होता. चिनूची नजर तीन-चार महिन्यांत वाढली, मग अडकली, तेव्हा पट्टी आली. पूर्वी दिवसदिवसभर बांधून ठेवायचे. याच गटाने २००३ साली दाखवलं की मध्यम प्रमाणात आळशी डोळा असेल तर रोज दोन तास झाकणं आणि सहा तास झाकणं यात चार महिन्यांनी काही फरक दिसत नाही. हा अभ्यास करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते, दोन तास आणि सहा तास यातला फरक काय असतो ते मुंबईच्या मे महिन्यात घामाने सुटणारी चिकटपट्टी पाच वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा दाबून बसवणाऱ्या बाईला विचारा. पट्टी चष्म्याच्या काचेवर लावायची नाही, थेट कातडीवर, चष्मा वरून, नाहीतर मूल बाजूच्या फटीतून बघतंच. आणि त्या दोन तासांत नुसतं बसवून ठेवायचं नाही, रंगवायला द्यायचं, मणी ओवायला, ठिपके जोडायला, जवळचं काम. ज्यांना पट्टी अजिबात सहन होत नाही त्यांच्या चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन घालून तो जवळचं बघताना धूसर करायचा, हाही उपाय आहे आणि तोही जवळजवळ तेवढाच चालतो.

पट्टीपेक्षा लोक अवघड होते. ट्रेनमध्ये लेडीज डब्यात प्रत्येक स्टेशनला नवीन बाई, "काय झालं गं बाळाला? पडला का?" चांगल्या मनाने विचारतात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, पण ऐकून ऐकून मूल खाली बघायला लागतं. वहिनीने त्याला उत्तर शिकवलं, "माझा हा डोळा व्यायाम करतोय." ते तो खूप जोरात सांगायचा आणि मग समोरची बाई हसायची आणि विषय संपायचा. आईने सुरुवातीला काजळ, बदाम, गाजर सगळं सुचवून बघितलं. गाजर खाऊन हा डोळा सुधारत नाही, पण एकदा मॅडमनी तिला स्वतः समजावलं आणि त्यानंतर दोन तास घड्याळ लावून बसणारी घरात तीच. आता ६/९ दिसतं. पट्टी हळूहळू कमी करतायत, एकदम बंद केली तर काही मुलांची नजर परत घसरते.

त्या बाकावर बसून मला कळलं की आमचं तसं सोपं प्रकरण होतं. एकदा शेजारी एक जोडपं होतं, बत्तीसाव्या आठवड्यात झालेलं बाळ, दीड किलोचं. बाळ नऊ महिने पोटात राहतं तेव्हा कुठे डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या वाढत वाढत कडेपर्यंत पोचतात. आधीच जन्मलं तर शेताच्या टोकापर्यंत पाट पोचायचा राहून जावा तसं होतं, कडेचा पडदा कोरडा राहतो आणि मग तिथे वेड्यावाकड्या नवीन वाहिन्या फुटतात, त्या पडद्याला ओढून तो सुटा करू शकतात. याला आरओपी म्हणतात. बाहेरून बाळाचे डोळे काळेभोर, सुंदर, काहीही कळत नाही. आपल्याकडचा नियम असा की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचा, आणि २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. लागलंच तर लेझर किंवा इंजेक्शन, तेही दोन-तीन दिवसांच्या आत. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतून, बाळ घरी आलं की सगळा गोतावळा वजनाच्या मागे लागतो, तूप खा, शेक दे, बाहेर काढू नको, आणि "सव्वा महिन्यानंतरच बाहेर" या रिवाजात ते ३० दिवस निघून जातात. मी त्या आईला विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं यायला? म्हणाली, डिस्चार्ज कार्डावर सिस्टरने लाल पेनाने तारीख लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या सिस्टरला मी ओळखत नाही पण माझ्या डोक्यातून ती जात नाही.

दुसरी गोष्ट फोटोंची. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळे लाल चमकतात ते ठीक आहे, पण एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, पुन्हा दुसऱ्या फोटोतही दिसली, तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. कधी कधी ती फक्त कॅमेऱ्याच्या कोनामुळे असते, कधी मोतीबिंदू निघतो, आणि कधी रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कॅन्सर. दुर्मिळ आहे, पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक, बहुतेक पाच वर्षांच्या आतच दिसतो, पण आपल्या देशात जन्मच एवढे होतात की आकडा लहान राहत नाही. अचानक आलेला तिरळेपणाही त्याचं लक्षण असू शकतं. लवकर सापडला तर मूल वाचतं, बऱ्याचदा डोळाही वाचतो. त्याच परळमध्ये टाटा हॉस्पिटल आहे, देशभरातून अशी पोरं तिथे येतात, बाहेर फुटपाथवर पथाऱ्या टाकून राहिलेल्या आईबाबांच्या कडेवर कधीकधी एका डोळ्याला पांढरं ड्रेसिंग केलेलं मूल दिसतं, तिथून जाताना मला चालवत नाही.

जन्मजात मोतीबिंदूचं एक कारण म्हणजे आईला गरोदरपणात झालेला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ साली हा संबंध दाखवला, एकदम इतक्या बाळांना मोतीबिंदू कसा हे त्यांना खटकलं होतं. आज एमआरची (गोवर-रुबेलाची) लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या आसपास फुकट मिळते. शाळांमध्ये ही लस दिली गेली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर किती भलतंसलतं फिरत होतं, मला अजून राग येतो. ती लस डोळे वाचवते, कान वाचवते, पुढच्या पिढीचे.

आणि मेडिकलमधून आणलेले ड्रॉप. हे तर मुंबईत घरोघरी. आठ-दहा वर्षांचा मुलगा, उन्हाळा आला की डोळे लाल, खाज, चोळून चोळून बेजार, ती अ‍ॅलर्जी असते, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त. कोपऱ्यावरचा केमिस्ट ड्रॉप देतो, दोन दिवसांत जादू झाल्यासारखं बरं वाटतं कारण त्यात स्टेरॉइड असतं. मग दर वेळी तीच बाटली. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजून देतात, डोळ्याचं प्रेशर तपासत देतात. महिनोन्महिने मनाने घातलं तर प्रेशर वाढून नस सुकते, काचबिंदू होतो, आणि गेलेली नस परत येत नाही. खाजेसाठी घरात आणलेल्या स्वस्तातल्या बाटलीने पोराची नजर जावी, आणि ती बाटली चिठ्ठीशिवाय मिळावी, हे मला गुन्ह्यासारखंच वाटतं.

तिरळेपणाबद्दल पण लिहायलाच हवं. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात ते चालतं, काही बाळांचं नाक बसकं असल्यामुळे डोळे नुसते तिरळे वाटतात. पण त्यानंतरही डोळा वळत असेल तर "तिरळं मूल नशीबवान" म्हणून सोडून देऊ नका. कधी फक्त चष्म्याने डोळा सरळ होतो, कधी ऑपरेशन लागतं. लोकांना वाटतं ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून परत बसवतात! असं काही नसतं, प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, त्यातल्या एकदोघांची जागा थोडी मागेपुढे करतात, बहुतेकदा मूल त्याच दिवशी घरी. आपल्याकडे मुलगी असेल तर लग्न जवळ आलं की हे ऑपरेशन करून घेतात. डोळा सरळ दिसतो तेव्हाही, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून वस्तूंची अंतरं आणि खोली समजायची संधी बहुतेक वेळा लहानपणीच गेलेली असते. ती पोर बारा-पंधरा वर्षं शाळेत "चकणी" ऐकत मोठी झालेली असते हे वेगळंच. तिच्यासाठी तेव्हा कोणी एक शनिवार काढला असता तर!

पण म्हणून वय निघून गेलं की सगळं संपलं असंही नाही, आणि हे मला मुद्दाम लिहायचंय. एमआयटीचे पवन सिन्हा दिल्लीला प्रोजेक्ट प्रकाश नावाचं काम करतात, जन्मापासून मोतीबिंदूने आंधळ्या राहिलेल्या, मोठ्या झालेल्या मुलांचे डोळे ऑपरेशनने उघडतात आणि ती बघायला कशी शिकतात त्याचा अभ्यास करतात. १६८८ साली मॉलिन्यू नावाच्या माणसाने एक प्रश्न विचारला होता, हाताने चाचपून ओळखीची झालेली वस्तू, दृष्टी आल्यावर नुसती बघून ओळखता येईल का? या मुलांनी २०११ साली उत्तर दिलं, लगेच नाही येत, पण काही दिवसांतच यायला लागतं. त्यांची नजर ६/६ कधीच होत नाही, तरी पुष्कळ मिळतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा आहे, क्रिकेट खेळताना उजव्या डोळ्यात कचरा गेला, तो डोळा मिटून घेतला आणि त्याला समोरचे स्टंप दिसेनात, तेव्हा कळलं की डावा डोळा कधी वापरलाच गेला नव्हता. एका ठिकाणी त्यांना सांगितलं, आठ वर्षांनंतर काही उपयोग नाही, सोडून द्या. त्याची आई जिन्यात रडत होती. मी त्यांना आमच्या मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी त्याच पीईडीआयजी गटाचा २००५ चा दुसरा एक अभ्यास सांगितला, सात ते बारा वयाच्या मुलांत नुसता चष्मा दिलेल्यांपैकी २५ टक्के सुधारले आणि सोबत पट्टी वगैरे उपचार दिलेल्यांपैकी ५३ टक्के, आणि तेरा-सतरा वयाच्या ज्या मुलांना आधी कधीच उपचार मिळाला नव्हता त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना फायदा झाला. पूर्ण येईल असं वचन त्यांनी दिलं नाही. चष्मा दिला, पट्टी दिली. तो शाळेत लावत नाही, संध्याकाळी गृहपाठ करताना लावतो, सुरुवातीला एक पान वाचायला फार वेळ लागायचा म्हणे, आता जरा बरं आहे. गणपतीनंतर त्याची पहिली तपासणी आहे, चिनूची तारीख पण मी त्याच शनिवारची घेतलीय म्हणजे सगळे एकाच टॅक्सीने जाऊ.